सहा टक्क्यांची खोली

कवळीवाल्यांच्या जुन्या गाडीने एका मंगळवारी भर चौकात अंग टाकलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला, पण ती जागची हलेना. शेवटी रस्त्यावरच्या चार माणसांनी ढकलत तिला गॅरेजपर्यंत नेलं. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बराच वेळ डोकावून पाहिलं आणि परत लावलं.

"काय झालंय हिला?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"काय झालं नाही ते विचारा," मेकॅनिक म्हणाला. "आज मी चालू करून देतो. शोरूमपर्यंत जाईल. तिथे हिला द्या आणि नवीन घ्या. माझ्याकडे परत आणलीत तर मी शटर ओढून घेईन."

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते कवळ्या करत. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे घेऊन त्यांच्याकडे पाठवत आणि कवळीवाले घरामागच्या कामाच्या खोलीत बसून त्या साच्यांवर दातांच्या ओळी चढवत. उभं आयुष्य यातच गेलेलं. त्यामुळे बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर न राहता तोंडावर घसरायची, आणि समोरच्याला उगाचच वाटायचं की आपल्या दातांत काहीतरी अडकलंय. माणूस स्वभावाने गरीब, पण मोजमापाच्या आणि हिशेबाच्या बाबतीत कुणावर काडीचा विश्वास नाही. केसभर चुकलेल्या कवळीने धडधाकट माणूस जेवताना रडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्यांच्या पत्नी पोहण्याच्या तलावावर शिकवायच्या. सगळी वस्ती त्यांना बाई म्हणायची. पाण्याच्या पलीकडच्या माणसाला ओरडून सांगायची सवय, त्यामुळे बाईंचा घरातला आवाजही तलावाच्याच मापाचा होता. एकदा त्या जेवताना "मीठ द्या" म्हणाल्या तर शेजारीण वाटीत मीठ घेऊन आली होती.

तर नवीन गाडी घ्यायची ठरली. दोघांच्या आयुष्यातली पहिली कोरी गाडी. आधीच्या दोन्ही दुसऱ्याने वापरून सोडलेल्या. बाईंनी रंग ठरवला, कवळीवाल्यांनी इंजिन ठरवलं, आणि मग प्रश्न उरला कराचा. गाडीची किंमत दहा लाख, ती पेपरात मोठ्या अक्षरांत छापलेली. तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विक्रीकर वेगळा'. तो किती, ते मुंगीलाही माहीत नव्हतं.

कवळीवाले दोन संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तोच शोध घेत होते. आधी त्यांनी मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा म्हणाला, कर पूर्ण किमतीवर, त्यात काय विचारायचं. मग करकचेरीत फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं की जुनी गाडी दुकानदाराला दिली तर तिची किंमत वजा करायची आणि उरलेल्यावर कर. दुकानदाराने स्वतःहून काही सूट दिली तर तीही वजा करायची. पण गाडी बनवणाऱ्या कंपनीने सूट दिली तर ती वजा करायची नाही.

"म्हणजे बघ," कवळीवाले बाईंना समजावू लागले, "दुकानदाराने दहा हजार सोडले तर कर कमी होतो. कंपनीने तेच दहा हजार सोडले तर होत नाही."

"दहा हजार ते दहा हजार," बाई संत्रं सोलत म्हणाल्या.

"तसं नसतं."

"मग कसं असतं?"

कवळीवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाईंनी संत्र्याच्या अर्ध्या फोडी त्यांच्यासमोर ठेवल्या आणि उठून गेल्या. त्यांच्या लेखी चर्चा संपली होती. कवळीवाल्यांनी मात्र मनात पक्कं केलं: जुनीचे एक लाख आले तर नऊ लाखांवर कर. आता राहिला दर. तो गावागणिक वेगळा. शहरात नऊ टक्के, पलीकडच्या उपनगरात सहा. गाडी कुठून घेता याला महत्त्व नाही, घेणारा राहतो कुठे ते बघतात. आपण शहरातच राहतो अशी कवळीवाल्यांची समजूत होती. ती शनिवारपर्यंत टिकली.

शनिवारी दोघं शोरूममध्ये गेले. जुनी गाडी वाटेत दोनदा खोकली पण पोचली. शोरूम म्हणजे काचेचं मोठं खोकंच, आणि आत इतका उजेड की बाईंनी सवयीने जमीन ओली आहे का ते पाहिलं. विक्री करणारी मुलगी लाघवी होती. वरचे दोन दात किंचित पुढे, पण चेहऱ्याला शोभणारे. कवळीवाल्यांना ते आवडले. तिने जुनी गाडी तपासून घेतली, तोंड वाकडं न करता एक लाख कबूल केले आणि पत्ता टाइप करायला घेतला. मग थांबली. पुन्हा टाइप केला. पुन्हा थांबली.

"काका, तुमची घरं दोन आहेत का?"

"एकच आहे. तेही लहान."

"कॉम्प्युटर दोन दाखवतोय. म्हणजे घर एकच, पण शहरातही आहे आणि उपनगरातही आहे."

मग उलगडा झाला. शहराची हद्द पूर्वी एका ओढ्यावरून ठरवलेली होती. ओढा कधीच बुजवला, त्यावर वस्ती झाली, पण नकाशावरून त्याला कुणी हटवलं नव्हतं. ती रेघ कवळीवाल्यांच्या घरातून आरपार जात होती. पुढचं दार शहरात म्हणून घरपट्टी शहराला जायची. मागची बाजू उपनगरात. इतकी वर्षं त्यांना त्याचा पत्ता नव्हता, कारण आजवर कोरी गाडी घेतली नव्हती.

"मग मी कितीने कर भरायचा?" कवळीवाल्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात उत्साह आला होता. इतका अवघड हिशेब त्यांच्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

मुलीने कुणाला तरी फोन लावला, 'हो, हो' केलं आणि ठेवला. "नियम असा आहे काका, की घर दोन हद्दींत असेल तर गाडी ज्याच्या नावावर आहे तो माणूस घरात झोपतो कुठे ते बघायचं. ज्या हद्दीत झोपतो तिथला दर."

"हिच्या नावावर घेतली तर?"

"तर जुन्या गाडीची वजावट मिळणार नाही. ती तुमच्या नावावर आहे ना? दोन्हींचा मालक एकच लागतो."

कवळीवाल्यांनी डोळे मिटले. डोळ्यांसमोर घर आणलं. बेडरूम वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. कामाची खोली मागे, अंगणाला लागून. रेघ मधून. नऊ लाखांवर तीन टक्के, सत्तावीस हजार. डोळे उघडले आणि हिशेब जमल्याच्या समाधानात खणखणीत आवाजात ते म्हणाले,

"मग प्रश्नच नाही. मी सहा टक्क्यांत झोपतो. ही नऊ टक्क्यांत झोपते."

मुलीची बोटं टाइप करता करता थांबली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब कर्जाचे कागद भरत होतं, त्यांनीही मान वर केली. बाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि तिथे टांगलेले पायपुसण्यांचे नमुने एकेक करून नीट बघू लागल्या. सगळे काळेच होते.

"म्हणजे... वेगवेगळे?" मुलीने हळूच विचारलं.

"मी मागच्या खोलीत. कामाच्या," कवळीवाले म्हणाले. तोंडातून गेलेलं आता गिळता येणार नव्हतं.

"तसा अर्ज करते मी. तपासनीस येतील बघायला," मुलगी म्हणाली आणि खाली मान घालून लिहू लागली.

परत येताना जुनी गाडीसुद्धा खोकली नाही. घर जवळ आल्यावर बाई म्हणाल्या, आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भर दुकानात सांगायची गरज होती का?"

"कराचं विचारलं म्हणून सांगितलं."

"त्या मुलीची आई माझ्या सकाळच्या बॅचला येते."

कवळीवाल्यांनी उगाचच आपल्या बाजूची काच वर केली.

आता ते मागच्या खोलीत झोपायला कसे गेले, तर त्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर ते कधीतरी मिटलं असतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना खोकला झाला. बाईंना पहाटे तलावावर जावं लागायचं, त्यांची झोपमोड नको म्हणून कवळीवाल्यांनी चार दिवसांसाठी कामाच्या खोलीत घडीची खाट टाकली. खोकला तीन आठवड्यांनी गेला. त्या दिवशी संध्याकाळी कवळीवाल्यांनी वाट पाहिली की ही म्हणेल, या आता वर. बाई काही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कवळीवाल्यांनी समजून घेतलं की हिला आता एकटीने ऐसपैस झोपायची गोडी लागली असणार, आपण एरवीही घोरतोच. त्यांनी खोलीत एक दिवा नेला, मग रेडिओ नेला, मग सपाता. लेक दुसऱ्या गावाहून राहायला आली की तेवढे दिवस ते वर झोपत. तेव्हा दोघं पलंगावर दोन फळ्यांसारखी सरळ पडून राहत, एकमेकांना धक्का लागला तर "सॉरी" म्हणत. लेक गेली की कवळीवाले आपली उशी घेऊन खाली येत. याबद्दल घरात अवाक्षर निघालं नव्हतं. निघालं ते थेट शोरूममध्ये.

सोमवारी बाई तलावावरून आल्या त्या फणकाऱ्यातच. ओला टॉवेल दोरीवर आपटत म्हणाल्या, "आज सगळ्या जणी माझ्याशी फार प्रेमाने वागल्या."

"बरं झालं की."

"काय बरं झालं? एकीने तर पाण्यातच माझा हात धरला आणि म्हणाली, बाई, तुम्ही खंबीर आहात. आठ महिने झाले तिला शिकवतेय, अजून तरंगता येत नाही, आणि मला खंबीर म्हणते!"

त्याच दिवशी एका दंतवैद्याने साच्यांबरोबर चिठ्ठी पाठवली: 'घाई नाही. सवडीने करा. स्वतःला जपा.' कवळीवाल्यांनी ती दोनदा वाचली. या गृहस्थाने आजवर 'अर्जंट' सोडून दुसरा शब्द लिहिला नव्हता. संध्याकाळी लेकीचा फोन आला. तो त्यांनीच उचलला.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही आणि आई वेगळे होताय?"

"नाही गं. आम्ही गाडी घेतोय."

"मला मामाने सांगितलं."

"मामाला काही कळत नाही. तो म्हणत होता, कर पूर्ण किमतीवर लागतो."

मग लेक म्हणाली, "आईला द्या फोन." बाईंनी फोन घेतला आणि अंगणात गेल्या. त्यांचा आवाज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, पण त्या संध्याकाळी कवळीवाल्यांना खिडकीला कान लावूनही एक शब्द कळला नाही.

ते कामाच्या खोलीत जाऊन बसले. समोर एका आजीबाईंची कवळी अर्धवट होती. त्यांनी एक दात हातात घेतला, उजेडात धरला आणि तसाच खाली ठेवला. अर्ज मागे घ्यावा असं त्यांच्या मनात येत होतं. सत्तावीस हजार काही कमी नव्हते, पण त्यांची कळ वेगळीच होती. समजा अर्ज मागे घेतला, तर काय म्हणून घेणार? मी वर झोपतो म्हणून? मग वर झोपावं लागेल. आणि न बोलावता वर कसं जायचं? स्वतःच्याच घराच्या जिन्याशी येऊन माणसाचे पाय अडावेत, ही गोष्ट त्यांना कुणाला सांगता आली नसती. त्यांनी दात परत उचलला आणि बसवला. वाकडा बसला. काढावा लागला.

गुरुवारी तपासनीस आला. जाडजूड, मृदू आवाजाचा माणूस. बूट दाराबाहेर काढून आला. काखेत गुंडाळलेला नकाशा, खिशात मोजायची टेप आणि निळ्या चिकटपट्टीचं बंडल.

"घाबरू नका," तो म्हणाला, "मी फक्त रेघ मारणार. जाताना काढून नेईन."

त्याने पुढच्या दारापासून मापं घ्यायला सुरुवात केली. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं, ते बाईंनी धरलं. निळी पट्टी बैठकीच्या कोपऱ्यातून निघाली, स्वयंपाकघरात शिरली, टेबलाच्या मधोमध गेली आणि शेगडी शहरात व नळ उपनगरात ठेवून बाजूच्या भिंतीला जाऊन टेकली. कवळीवाले तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले. रेघ कुठेही डगमगली नव्हती.

"एका घरात ही रेघ थेट बाथटबमधून गेली होती," तपासनीस गुडघ्यावर बसून पट्टी दाबत म्हणाला. "पण टबमध्ये कुणी झोपत नव्हतं, त्यामुळे अडलं नाही."

मग तिघं कामाच्या खोलीत गेले. खोली पूर्णपणे सहा टक्क्यांत होती. एका बाजूला टेबल, त्यावर प्लास्टरचे साचे आणि रांगेने हसणाऱ्या कवळ्या. दुसऱ्या बाजूला घडीची खाट, वर नीट घडी घातलेलं पांघरूण, उशाशी दिवा, रेडिओ, पाण्याचा तांब्या, खाली सपाता. बाई दारातच थांबल्या. त्या या खोलीत अधूनमधून यायच्या, चहा ठेवायच्या आणि जायच्या, पण खाटेकडे कधी पाहत नसत. आता तपासनीस पाहत होता म्हणून त्यांनाही पाहावं लागलं. उशीला डोक्याचा खळगा पडला होता. भिंतीत एक खिळा होता आणि त्यावर कवळीवाल्यांचा स्वेटर होता, जो त्या वरच्या कपाटात शोधून थकल्या होत्या.

तपासनीसाने खाट दाबून पाहिली. "रोजच्या वापरातली आहे," तो म्हणाला. "यात शंका नाही. आता घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि संपलं." तो बाईंकडे वळला. "ताई, हे इथे कायमचे झोपतात की तात्पुरते?"

"म्हणजे?"

"कायमचे असतील तर सहा टक्के. तात्पुरते असतील तर मूळ झोपायची जागा बघायची. ती तुमची वरची खोली. तिथे नऊ."

कवळीवाल्यांनी टेबलावरची आजीबाईंची कवळी उगाच उचलली. उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊक होतं. बाई म्हणणार, कायमचे. का नाही म्हणणार? दोन वर्षं झाली, खाट आहे, सपाता आहेत, सत्तावीस हजार वाचताहेत. हिशेबात कुठे खोट नव्हती. आणि तरी ते शब्द कानावर पडू नयेत म्हणून आपण प्लास्टर ढवळायचं यंत्र चालू करावं, असं त्यांना फार वाटून गेलं. त्याचा आवाज मोठा होता.

बाई स्वेटरकडे बघत होत्या.

"तात्पुरते," त्या म्हणाल्या.

तपासनीसाने लिहायला काढलेलं पेन तसंच धरलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं तात्पुरते?"

"हो."

"कारण?"

"खोकला."

तपासनीस हा सरकारी माणूस होता, पण दगड नव्हता. त्याने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा बाईंकडे आणि मग अदबीने विचारलं, "अजून आहे खोकला?"

बाई नवऱ्याकडे वळल्या. नजर चुकवायची सोय नव्हती, खोली लहान होती. "आहे का हो?"

कवळीवाल्यांची दातखीळ बसली. टेबलावरचे सगळे दात त्यांच्याकडे बघत होते. बाईंचा खालचा ओठ एका बाजूने दाताखाली होता. नवशिक्या बाईला खोल पाण्यात सोडताना त्या तसं करत. कवळीवाल्यांनी ते लग्नानंतर कधीतरी पाहिलं होतं आणि मग विसरले होते.

"बरा होत आलाय," ते म्हणाले.

"मग मला नऊ टक्के लिहावं लागेल," तपासनीस म्हणाला. "फरक बराच पडतो. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "हिशेब यांनीच केलाय."

तपासनीसाने लिहिलं, सही घेतली आणि मग घरभर फिरून आपली निळी पट्टी सोलून काढली. तिचा चिकट गोळा करून खिशात घातला, बूट घातले आणि गेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर पट्टीची थोडी खूण राहिली होती. बाईंनी ओलं फडकं घेऊन ती घासायला सुरुवात केली. कवळीवाले समोर उभे राहिले.

"मला वाटलं, तुला एकटीला बरं वाटतं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

"तूही म्हणाली नाहीस, वर या म्हणून."

"आपणहून गेलेल्या माणसाला मी बोलावणं धाडायचं?" बाईंचा आवाज चढला आणि पलीकडे शेजारणीची खिडकी लागल्याचा आवाज आला. बाईंनी आपला आवाज खाली आणला. "तुम्ही दिवा नेलात. मग रेडिओ नेलात. मी समजले, यांनी बिऱ्हाडच हलवलं. रेडिओ नेलात त्या दिवशी मी रडले."

"तो रेडिओ खाली चालतच नव्हता. स्टेशन लागत नाही तिथे."

"मग नेलात कशाला?"

कवळीवाल्यांनी विचार केला. प्रामाणिक उत्तर एकच होतं. "खोली फार शांत होती."

बाईंनी फडकं पिळलं. पुन्हा पुसू लागल्या, तरी टेबलावर आता काही उरलं नव्हतं.

"मी घोरतो," कवळीवाले म्हणाले. ही अडचण आधीच मांडून ठेवलेली बरी, असं त्यांना वाटलं.

"ते मला सांगताय? माझ्याकडे कानात घालायचे बोळे आहेत, पोहण्याचे. लोक तलावावर विसरून जातात. डबाभर साठलेत."

"मग तेव्हाच का नाही घातलेस?"

"तेव्हा तुम्ही खोकत होता. खोकल्याला कान बंद करून कसं चालेल? माणसाला पाणी द्यावं लागतं."

कवळीवाले मागे गेले आणि पहिल्यांदा सपाता घेऊन आले. मग उशी. मग स्वेटर. घडीची खाट दोघांनी मिळून दुमडली आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकली. एक पाय दुमडेना, तो बाईंनी लाथ मारून बसवला. रेडिओ वर नेल्यावर कवळीवाल्यांनी चालू करून पाहिला. तिथेही स्टेशन नीट लागेना. तो बिघडलेलाच होता.

पुढच्या शनिवारी ते गाडी आणायला गेले. शोरूममधल्या मुलीने कागद समोर ठेवले आणि खाली मान घालून, फार जपून विचारलं, "मग काका, कर कुठला धरू?"

"नऊ टक्के," कवळीवाले म्हणाले.

"दोघं नऊ टक्क्यांत," बाई म्हणाल्या, आणि काचेच्या त्या अख्ख्या खोक्यात ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. शेजारच्या टेबलावरचा विक्रेता हसला. मुलीचे पुढचे दोन दात दिसले. कवळीवाल्यांनी रक्कम तीनदा तपासली. मुलीने कंपनीची पाच हजारांची सूट चुकून कराआधी वजा केली होती, ती त्यांनी तिला दुरुस्त करायला लावली. म्हणजे त्यांना साडेचारशे जास्त भरावे लागले. मुलगी चकित झाली. बाई मुळीच झाल्या नाहीत.

नवीन गाडीला वास होता आणि आवाज नव्हता. बाईंनी चालवली. कवळीवाले शेजारी बसून माहितीपुस्तक मोठ्याने वाचत होते आणि बाई "कळलं, कळलं" म्हणत होत्या. घरी न वळता त्या तशाच हमरस्त्याला लागल्या.

"कुठे निघालीस?"

"लेकीकडे. तिने आठवडाभर जेवण सोडलंय म्हणे. दिसू दे तिला, आपण दोघं एका गाडीतून आलोय."

दोन तासांनी पोचले. लेक धावत दाराबाहेर आली. आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग गाडीकडे. गाडीला एक चक्कर मारली, तेवढ्यात तिला दोघांचे चेहरे पुन्हा एकदा नीट निरखता आले. तिला काय विचारायचं होतं ते स्पष्ट दिसत होतं, पण ते कुठून सुरू करावं हे कळेना.

"किती पडला शेवटी कर?" तिने विचारलं.

कवळीवाल्यांचा चेहरा उजळला. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी आपणहून विचारला नव्हता.

"आता बघ," ते म्हणाले, "आधी जुन्या गाडीची किंमत वजा करायची. पण सूट कुणी दिली, ते महत्त्वाचं. समज, दुकानदाराने दहा हजार सोडले..."

"अहो, तिला बसू तरी द्या," बाई म्हणाल्या. लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्या घरात शिरल्या, आणि कवळीवाले दहा हजारांचं उदाहरण सांगत त्यांच्या मागोमाग आत गेले.